इंजिन काम करून आणलं तरी बोट त्रास देतेय? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बोटीचं डिझेल इंजिन आंबा किंवा फोंडा घाट चढवून कोल्हापुरात कामाला आणण्यामागचं कारण सरळ आहे. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, लाइन बोअरिंग ही सगळी कामं शिवाजी उद्यमनगरात चालत जाण्याच्या अंतरावर होतात. अडचण नंतर सुरू होते. इंजिन खाली नेऊन बोटीत बसवलं आणि पहिल्याच फेरीत ऑइल प्रेशर पडलं, पांढरा धूर सुटला किंवा तळातून ठोका यायला लागला, की बहुतेक जण रागाच्या भरात त्याच संध्याकाळी हेड उचलतात. घोटाळा तिथेच होतो. हेडचे नट किती टाइट होते, गॅसकेट कुठून फुंकत होतं, कॉम्प्रेशन कोणत्या सिलिंडरला कमी होतं, हे सगळं त्या संध्याकाळीच पुसलं जातं. मग लेथवाला फिटिंगला दोष देतो, फिटर बोअरला देतो आणि मालकाचे पैसे दोनदा जातात.

पुढचा क्रम तीन ते सहा सिलिंडरच्या, समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या, बोटीच्या आत बसणाऱ्या डिझेल इंजिनासाठी आहे. आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. शेवटचा आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरायचा.

## १. स्पॅनर उचलण्याआधीची तयारी

मशीन शॉपचं बिल काढा. बोअर किती ओव्हरसाइझ केला, क्रँकची मेन आणि बिग एंड जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) किती अंडरसाइझ केली (०.२५, ०.५० की ०.७५ मि.मी.), हेड आणि ब्लॉकवरून किती मटेरियल काढलं, हे त्यावर नसेल तर फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. "थोडंसं फेसिंग मारलंय" हे माप नव्हे. जुने पिस्टन, जुनी बेअरिंग शेल, काढलेलं गॅसकेट भंगारात गेलं नसेल तर जपून ठेवा.

मग लक्षण नेमकं लिहा. थंड असताना की गरम झाल्यावर? न्यूट्रलला की गिअर टाकल्यावर? किती आरपीएमला? पहिल्या मिनिटापासून की तासाभराने? "धूर मारतंय" एवढ्यावर काहीच ठरत नाही. "गरम झाल्यावर, पुढच्या गिअरमध्ये १६०० च्या वर काळा धूर" म्हटलं की अर्धा शोध तिथेच लागतो.

अवजारांत घड्याळाचा मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज, नोझलच्या जागी बसणाऱ्या अडॅप्टरसह डिझेल कॉम्प्रेशन गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज, स्टँडसह डायल गेज, फिलर गेज, सरळ पट्टी, प्लास्टिगेज (बेअरिंगमधली फट मापायचा, दाबला की पसरणारा प्लास्टिकचा धागा) आणि टॉर्क रिंच लागतो. बोअर गेज घरी नसतो, तो भाड्याने किंवा ओळखीने मिळवा. व्हर्नियरने बोअर मापून भांडायला जाऊ नका, तिथे कोणी ऐकणार नाही.

थांबा: ऑइल प्रेशर पडलेलं असेल किंवा तळातून जड ठोका येत असेल, तर "अजून एकदा ऐकून बघू" म्हणून इंजिन चालू करू नका. शेल घासून संपली की क्रँकही जातो, आणि मग मूळ दोष कोणता होता ते सिद्ध करता येत नाही.

## २. दोष इंजिनाचा की बोटीचा?

वर्कशॉपमध्ये स्टँडवर, पाण्याचं पिंप लावून चालवलेल्या इंजिनावर लोड नसतो. लोड पाण्यातच येतो. म्हणून "आमच्याकडे मस्त चाललं होतं" हे खरंही असू शकतं आणि निरुपयोगीही.

कपलिंग. इंजिन काढून परत बसवलं म्हणजे शाफ्टची लाइन हललीच. बोल्ट सोडून दोन्ही फ्लँजमधली फट चारही बाजूंनी फिलरने मापा. १०० मि.मी.च्या फ्लँजला वर-खाली किंवा डाव्या-उजव्या बाजूत ०.१ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. ही तपासणी बोट पाण्यात तरंगत असतानाच करायची, कारण किनाऱ्यावर ओढलेल्या बोटीचा सांगाडा वेगळा बसतो. लाइन चुकली की थरथर येते, ठोक्यासारखा आवाज येतो, मागचं सील गळतं आणि हे सगळं क्रँकच्या नावावर जातं.

पंखा (प्रोपेलर). पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर असेल, तर पंख्याचं पिच आणि तळाला चढलेलं शेवाळ-शिंपले आधी बघा. मासेमारी बंदीच्या महिन्यांत उभ्या राहिलेल्या बोटीला हे हमखास असतं.

पाणी. स्ट्रेनर, इंपेलर, हीट एक्स्चेंजर बघा. इंपेलर कोरडा अगदी थोडा वेळ फिरला तरी त्याची पाती तुटतात, आणि तुटलेले तुकडे पुढे अडकून बसतात. नवा इंपेलर टाकताना जुन्याची पाती मोजा. एक जरी कमी असलं तर ते सापडेपर्यंत पाइप उघडा.

डिझेल. लाइनमध्ये हवा राहिली तर इंजिन उचलत नाही, पांढरा धूर देतं. एअर काढून परत बघा.

ऑइलची कांडी. बोटीत इंजिन तिरकं बसतं. सपाट स्टँडवर भरलेलं ऑइल आणि बोटीतली खूण जुळत नाहीत. मॅन्युअलमधल्या लिटरप्रमाणे भरून कांडीवर नवी खूण करा.

थांबा: इंजिन चालू होत नसताना समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा ठेवून सेल्फ मारत राहू नका. पंप पाणी ढकलत राहतो, एक्झॉस्टचा दाब नसल्यामुळे ते मफलरमध्ये साठतं आणि तिथून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. नवीन बोअरला खारं पाणी लागलं की सगळं काम पुन्हा. कॉक बंद ठेवा, इंजिन पकडताच उघडा.

## ३. न खोलता करायच्या तपासण्या

क्रम बदलू नका. प्रत्येक तपासणी पुढच्या तपासणीचा अर्थ ठरवते.

ऑइल आणि फिल्टर. ऑइल पांढरट, ताकासारखं दिसलं तर पाणी. पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय तर नोझल किंवा पंप. फिल्टर करवतीने कापू नका, करवतीचाच चुरा आत पडतो. फिल्टर कटरने किंवा पत्र्याच्या कात्रीने उघडा, कागद पिळून उजेडात पसरा. थोडी करडी धूळ नव्या इंजिनाला चालते. तांबूस किंवा चंदेरी, चुंबकाला न चिकटणारे पापुद्रे म्हणजे बेअरिंग. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे रिंग, क्रँक, गिअर, किंवा नीट न धुतलेला ब्लॉक.

ऑइल प्रेशर. डॅशबोर्डच्या काट्यावर आणि सेन्सरवर विसंबू नका. मेकॅनिकल गेज लावून थंड आणि पूर्ण गरम, दोन्ही वेळा नोंद करा. गरम झाल्यावर स्लोला साधारण एक किलोच्या (दर चौरस सें.मी.ला) खाली असेल किंवा वर दर हजार आरपीएममागे पाऊण किलोही नसेल, तर पुढे जायचं नाही. थंडीला छान आणि गरम झाल्यावर पडतंय, तर क्लिअरन्स जास्त असल्याचा संशय. पहिल्यापासूनच कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह, पंप, पिकअप पाइपचं गॅसकेट किंवा विसरलेला गॅलरी प्लग.

प्रेशर उत्तम दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कॅमचा बुश ठोकताना त्याचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं नाही, तर वर रॉकरला ऑइल जातच नाही आणि गेजवर मात्र प्रेशर झकास दिसतं, कारण एक वाट बंद झालेली असते. रॉकर कव्हर उघडून, इंजिन स्लोला ठेवून, प्रत्येक रॉकर ओला होतोय का ते डोळ्यांनी बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याने कॅमशाफ्ट वाचतो.

कॉम्प्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळी नोझल बाहेर, डिझेल बंद. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेर द्या. एक गोष्ट इथल्या लोकांनी लक्षात ठेवावी: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी. मॅन्युअलमध्ये ३० किलो असेल तर इथे २८ च्या आसपास येणं दोष नाही. तेच इंजिन मालवणात मापलं तर आकडा चढेल. म्हणून कोल्हापूरचा आकडा बंदरावरच्या आकड्याशी लावून भांडू नका. सिलिंडरांतला आपसातला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला तर पुढची तपासणी.

हवा कुठून सुटते. ज्या सिलिंडरला कमी, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला आणून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. एअर फिल्टरकडून फुस्स म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, एक्झॉस्टकडून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून म्हणजे रिंग-बोअर, पाण्याच्या टाकीत बुडबुडे म्हणजे गॅसकेट किंवा क्रॅक. क्रँकच्या बोल्टवर स्पॅनर लावलेला ठेवून हवा कधी सोडू नका. इंजिन फिरलं की तो हात मोडतो.

ठोका. प्रेशर ठीक आणि ठोका हलका असेल तरच, इंजिन स्लोला ठेवून एकेका नोझलचा पाइपनट सैल करा. ठोका कमी झाला तर त्याच सिलिंडरचं पिस्टन, बिग एंड किंवा नोझल. कोणत्याच सिलिंडरला फरक पडला नाही तर मेन बेअरिंग, फ्लायव्हील, गिअर किंवा कपलिंग. हातमोजे आणि चष्मा घाला, सैल नटाजवळ बोट नेऊ नका. डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते.

धूर. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी. पांढऱ्याची परीक्षा नाकाने होते. डोळे चुरचुरले आणि डिझेलचा वास आला तर न जळलेलं डिझेल, म्हणजे कॉम्प्रेशन कमी किंवा टायमिंग मागे. वास नाही आणि लगेच विरतंय तर वाफ. पाणी मिसळणाऱ्या एक्झॉस्टला सकाळी थोडी वाफ असतेच.

थांबा: ऑइल भरायच्या झाकणातून जोराचं बॅक कॉम्प्रेशन (रिंगांजवळून खाली निसटलेला दाब) येत असेल आणि ब्रीदरचा पाइप इनलेटला जोडलेला असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटू शकतं. डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही. हवेचं तोंड झाकायला सपाट फळी हाताशी ठेवूनच चालू करा.

## ४. खोलायचं कसं

दोष ऑइल प्रेशरचा किंवा तळातल्या ठोक्याचा असेल तर चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) आधी. कॉम्प्रेशन, पाणी किंवा धुराचा असेल तर हेड आधी. दोन्हीकडून एकदम खोलू नका.

हेडच्या प्रत्येक नटावर आणि हेडवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. मग थोडा सैल करून परत रेघ जुळेपर्यंत टॉर्क रिंचने आवळा. जो आकडा येईल तो लिहा. एखादा नट निम्म्या टॉर्कवर निघाला तर गॅसकेट फुंकण्याचं कारण तिथेच मिळालं आणि मशीन शॉपला फोन करायची गरज उरली नाही. टॅपेटची गॅप आणि पंपाची टायमिंगची खूणही आत्ताच नोंदवा.

प्रत्येक पायरीला फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. शेल, रिंग, पुशरॉड सिलिंडरच्या नंबरच्या पिशवीत. काहीही पुसू नका, धुऊ नका.

## ५. मशीनचं काम मापून बघणं

पिस्टन किती वर येतो. हेड निघाल्याबरोबर हे पहिलं. डायल गेज ब्लॉकच्या फेसवर शून्य करा आणि प्रत्येक पिस्टन टॉपला आणून मापा. टोक पिनच्या रेषेवर ठेवा, कडेला ठेवलं तर पिस्टन डोलतो आणि आकडा खोटा येतो. पुढून मागे आकडा सरळ वाढत गेला तर ब्लॉकचा फेस तिरका मारलाय. एखादाच वेगळा निघाला तर त्या रॉडची लांबी किंवा क्रँकच्या त्या पिनचा स्ट्रोक बदललाय. बऱ्याच इंजिनांत गॅसकेटची जाडी याच मापावर, सगळ्यात उंच पिस्टन धरून निवडतात. ब्लॉक आणि हेड दोन्ही फेसिंग केले आणि गॅसकेट जुन्याच जाडीचं टाकलं, तर पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हची चंद्रकोर उमटलेली दिसेल.

लाइनरची उंची. पाण्यातला लाइनर (ब्लॉकमध्ये बसवलेली, बाहेरून पाणी लागणारी सिलिंडरची नळी) फेसपेक्षा किंचित वर हवा, मि.मी.च्या काही शतांश भागाएवढा. शेजारच्या लाइनरांत फरक ०.०३ च्या वर गेला की गॅसकेट कधीतरी तिथून फुंकणारच. लाइनरची बैठक कापताना मशीन शॉपने खालची घाण काढली नाही तर लाइनर उंच बसतो, जास्त कापली तर खाली जातो.

बोअर. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर, आणि क्रँकच्या रेषेत व तिच्या आडव्या रेषेत, म्हणजे सिलिंडरला सहा मापं. ताज्या होनिंगला (दगडाने घासून केलेल्या शेवटच्या फिनिशिंगला) ०.०२ मि.मी.च्या वर ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) किंवा टेपर (वर-खाली मापातला फरक) चालत नाही. पिस्टन मात्र स्कर्टवर, पिनच्या आडव्या दिशेने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर मापायचा. डोक्याजवळ तो मुद्दामच बारीक असतो. तिथे मापून "बोअर मोठा झाला" म्हणणारे खूप भेटतात आणि मशीन शॉपमध्ये तोंडावर पडतात.

रॉड. पिस्टन बाहेर काढून स्कर्टवरची चकाकी बघा. एका बाजूला वरच्या कोपऱ्यात आणि समोरच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात घासल्याची खूण असेल, तर रॉड वाकडा आहे किंवा छोट्या टोकाचा बुश तिरका रीम केलाय. ही खूण इतकी स्पष्ट असते की फोटोच पुरेसा होतो.

क्रँक. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, दोन दिशांनी. क्लिअरन्स प्लास्टिगेजने बघा. ५० मि.मी.च्या जर्नलला साधारण ०.०५ हा ढोबळ हिशोब. मग कोपऱ्यातल्या गोलाईकडे बघा, हे फार जण विसरतात. ग्राइंडिंगवाल्याने कोपरा धारदार सोडला तर क्रँक तिथून कधी ना कधी तुटतो. गोलाई मोठी ठेवली तर शेलची कड तिच्यावर चढते आणि शेलच्या कडेलाच चकचकीत पट्टा येतो. ऑइलच्या भोकांत तार घालून बघा, ग्राइंडिंगची राख तिथे दबून बसते.

मेन लाइन. कॅप मधल्यापासून बाहेर एकेक आवळत जा आणि दर वेळी क्रँक हाताने फिरवा. ज्या कॅपला जड झाला, त्याच कॅपला दोष आहे. नंबर उलटसुलट लागलेत की लाइन बोअरिंग चुकलंय, हे आधी नंबर बघून ठरवा.

हेड. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. व्हॉल्व्ह किती खोल बसलेत ते मापा. हेड पोर्टची तोंडं वर येतील असं आडवं धरून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि सीटवर ओल येते का बघा. फेसिंगनंतर नोझलचं टोक जास्त खाली येतं, तेव्हा त्याची उंचीही तपासा. जुना तांब्याचा वायसर आत राहून वर दुसरा बसला, तर उलटं होतं.

तपासा: ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर राहिलेत ना? १०० मि.मी.चं बीड दहा अंशाला सुमारे ०.०११ मि.मी. वाढतं. दुपारी उन्हातल्या पिकअपमधून उतरवलेला ब्लॉक लगेच मापला तर अर्धा दोष उन्हाचाच निघेल.

## ६. फिटिंगच्या चुका, ज्या लेथवाल्याच्या माथी मारल्या जातात

होनिंगनंतर बोअर डिझेलने किंवा पेट्रोलने पुसणं, ही सगळ्यात महाग चूक. होनिंगच्या दगडाची भुकटी त्याने निघत नाही, खाचांत आणखी रुतते. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ब्रश. मग कोरडं करून ऑइलच्या पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं काळं येईनासं होईपर्यंत. रिंगा काही तासांत झिजून ऑइल खायला लागल्या, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

रिंगची गॅप बोअरमध्येच, पिस्टनने सरळ ढकलून मापायची. १०० मि.मी.ला ०.३ ते ०.४ च्या आसपास. मेनची भोकाची शेल वर, बिनभोकाची खाली, काही इंजिनांत हे उलटं बसवता येतं आणि त्या जर्नलला ऑइल बंद होतं. थ्रस्ट वायसरच्या खाचा क्रँकच्या बाजूला. लाइनरचे ओरिंग पिळले जातात, म्हणून चेंबर लावण्याआधी जॅकेटमध्ये पाणी भरून ब्लॉक रात्रभर ठेवा आणि सकाळी खालून बघा. एक थेंबही नको.

## ७. मशीन शॉपमध्ये परत जाताना

मापांचा कागद, फोटो आणि तो भाग, तिन्ही घेऊन जा. पोचल्या पोचल्या आरोप करू नका. उत्तर तयारच असतं: "बोअर आमचा बरोबर हाय, मालक. तुमच्या मिस्त्रीनं रिंगा उलट्या घातल्यात बघा." त्यावर आवाज न चढवता एवढंच म्हणा, "असंल मिस्त्री, पण तुमच्याच गेजनं एकदा दोघं मिळून मापूया." त्यांच्या गेजने, त्यांच्यासमोर, आधी सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य करून. आकडा दोघांच्या सहीने लिहिला की भांडण उरत नाही, काम उरतं. उद्यमनगरातले जुने कारागीर मापापुढे हट्ट करत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पुन्हा काम देताना मोघम सांगू नका. क्लिअरन्स किती, गोलाई किती, फेसिंग जास्तीत जास्त किती, हे कागदावर द्या. पिस्टन आधी आणून द्या, बोअर पिस्टनला मापून करायचा असतो. परतीच्या वाटेवर ब्लॉकला ऑइल लावून प्लास्टिकमध्ये बांधा. गगनबावड्याच्या पावसात उघडा बोअर एका रात्रीत गंजतो.

## ८. पुन्हा बांधल्यावर पहिले तास

नोझल न लावता हाताने दोन पूर्ण फेरे. कुठे अडलं तर सेल्फ मारायचा नाही. मग डिझेल बंद, पाण्याचा कॉक बंद ठेवून गेजवर ऑइल प्रेशर येईपर्यंत सेल्फ मारा, दर वेळी थोडाच, म्हणजे मोटर जळणार नाही.

चालू झाल्यावर कॉक उघडा, एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा. गळती तपासून, गरम होऊन झालं की गिअर टाका. नवीन इंजिन तासन्‌तास स्लोला ठेवून "सेट" करायची पद्धत सोडून द्या. दाबाशिवाय रिंगा बोअरला बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होऊन चकाकतो आणि मग कायमचा ऑइल खातो. मध्यम लोड, आरपीएम वर-खाली करत, पहिले काही तास पूर्ण थ्रॉटल नाही. हेड परत आवळायचं की नाही ते मॅन्युअल आणि गॅसकेट ठरवतं, सवय नाही.

थंड झाल्यावर कपलिंग पुन्हा मापा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदला आणि तो फिल्टरही कापून उजेडात धरा. पापुद्रे दिसले तर बोट त्या दिवशी बंदराबाहेर काढू नका.